राजाबाईचा तिसरा फोटो

"मॅडम, राजाबाईचा फोटो चोरीला गेलाय! लवकर या, आज परीक्षक येणारेत!"

द्वारकाबाईंनी फोन ठेवला आणि सुजलेले पाय पुन्हा बुटात कोंबले. सहायक फौजदार होत्या त्या. रात्रभराचा बंदोबस्त उरकून नुकत्याच टेकल्या होत्या. या शहरात बाई हरवली तर घरचे चार दिवस इज्जतीला जपत गप्प बसतात. बाईचा फोटो हरवला की लगेच फोन.

स्टेशन रोडवरच्या कलादालनाच्या दारात राजकुमार उभा होता. खादीचा कुडता, गळ्यात कॅमेरा. मेंढपाळांचे फोटो काढून नाव कमावलेला माणूस. प्रदर्शनाचं नावच होतं 'जसं आहे तसं'. आज परीक्षक बघून जाणार आणि अस्सल वास्तवाच्या फोटोंचं मोठं बक्षीस ठरणार.

राजाबाई नावाच्या धनगर बाईचे तीन फोटो एका ओळीत लावलेले. पहिल्यात नुसता चेहरा, कपाळ कोरं. दुसऱ्यात नुसते मनगटापर्यंतचे हात, बांगड्या नाहीत. तिसऱ्याच्या जागी उघडे खिळे. खाली पाटी होती: 'राजाबाई. नवरा गेल्यानंतर.'

"चोर पकडलाय मी," राजकुमार म्हणाला. "तो बघा. काल इथं आरडाओरडा करून गेला."

बाकावर शिपायाच्या शेजारी एक माणूस बसला होता. डोक्याला पागोटं, खांद्यावर घोंगडी.

"नाव?"

"हनुमान."

"काल इथं आरडाओरडा केलास?"

"केला. का नाय करणार? गुलमंडीत ह्या साहेबाचं पोस्टर लागलंय. त्याच्यावर माझी बायकू, कपाळ पुसलेली. आमच्या पाव्हण्यानं बघितलं अन् तडक गंगापूरला दुखवटा घिऊन आला. दारात रडाया लागला. मीच त्याला पाणी दिलं, बाई!"

शिपाई फिस्सकन हसला. द्वारकाबाईंनी बघताच त्याचं तोंड मिटलं.

"हा नवरा नाही, दीर आहे," राजकुमार म्हणाला. "पिऊन आला होता. आज सकाळी पुन्हा कुंपणापाशी सापडला."

"साहेबाच्या पाया पडाया आलतो," हनुमान म्हणाला. "फोटू उतरवा म्हणून. ही बी आलीय, बाहेर फाटकाशी बसलीय. आता हिला कुणी हळदीला बोलवंना. मी जिता असताना माझीच विधवा केली हिला."

"याला आत टाका मॅडम. उद्या सोडा हवं तर."

उद्या. म्हणजे परीक्षक गेल्यावर. द्वारकाबाईंनी ते ऐकून ठेवलं.

पहारेकरी कडुबा दारापाशीच होता.

"किल्ल्या कुणाकडं?"

"एक माझ्याकडं, एक साहेबाकडं. काल सगळे गेल्यावर साहेब लई वेळ फ्रेमा सरळ करत व्हते."

"जाताना हातात काय होतं?"

"कायबी नाय. मी झडती घेतोच की, साहेब असू दे न्हाय तर आणि कुणी."

"मागची खिडकी उघडी होती," राजकुमार मध्येच म्हणाला.

खिडकीला गज होते. तिसरी फ्रेम दाराच्या फळीएवढी, असं कडुबा म्हणाला. गजांतून मांजर गेलं असतं, फ्रेम नाही.

पाहुण्यांना माहिती द्यायला प्रेरणा नावाची कॉलेजची पोरगी होती. द्वारकाबाईंनी तिला बाजूला घेतलं.

"तिसऱ्याचा फोटो आहे का तुझ्याकडं?"

"माझा सेल्फी आहे त्याच्यासमोरचा." तिनं मोबाइल पुढं केला. "काल मी सरांना त्याच्याबद्दल एक विचारलं, तर केवढे चिडले! म्हणाले, कला कळत नाही तुला."

सेल्फीत प्रेरणाच्या खांद्यामागं राजाबाई उभी होती, डोक्यापासून पायापर्यंत. कोरं कपाळ, रिकामा गळा, रिकामे हात. चिखलाचे पाय, भेगा, बोटांत जोडवी. मागं मेंढरं.

द्वारकाबाई बराच वेळ बघत राहिल्या. मग खुर्ची ओढून बसल्या आणि दालनभर नजर फिरवली. सगळ्या फ्रेमा भिंतीला चिकटून होत्या. टोकाची सगळ्यात मोठी, अजिंठ्याच्या डोंगराची, भिंतीपासून चांगली चार बोटं पुढं आलेली.

"बाहेर फाटकाशी बाई बसलीय ना? आत घ्या तिला."

राजाबाई आली. ठसठशीत कुंकू, हातभर हिरव्या बांगड्या.

"हा कोण तुझा?"

"मालक माझे. आन् कोण?"

राजकुमारनं घसा साफ केला. द्वारकाबाई उठल्या नाहीत.

"ऐका सर. हनुमानला बायकोची बदनामी थांबवायची होती, तर त्यानं तिन्ही फोटो नेले असते. तिन्हीत ती विधवाच दिसते. चोरानं एकच नेला. पाय दिसणारा. पायात काय आहे? जोडवी. माझा नवरा गेला तेव्हा बायकांनी कुंकू पुसलं, बांगड्या फोडल्या, अन् जोडवीही ओढून काढली. दोन दिवस बोट सुजलं होतं. विधवेच्या पायात जोडवी कुणी ठेवत नाही इथं. तुम्ही तिकडं लक्षच दिलं नाहीत. प्रेरणा, काल काय विचारलंस?"

"हेच," प्रेरणा हळूच म्हणाली. "नवरा गेलाय तर जोडवी कशी?"

"तेव्हा तुम्हाला कळलं. परीक्षकांनाही दिसेल, हे कळलं. फोटो उतरवायचा तर कारण हवं, आणि कारण आयतंच ओरडून गेलं होतं. बाहेर न्यायची सोय नाही, कडुबा झडती घेतो. म्हणून बाहेर नेलाच नाही. शिपाई, तो अजिंठ्याचा डोंगर उतरवा."

डोंगर उतरला. मागं, डोंगराच्याच खिळ्यांना अडकवलेली, फोटोतली राजाबाई उभी होती.

राजकुमार एकदम बोलायला लागला. "आजच्या फोटोग्राफीत खरं आणि रचलेलं मिसळतात, मॅडम. जगभर चालतं. रचलेल्यातूनही सत्य बाहेर..."

"मिसळा की! कोण अडवतंय? पण मग पाटीवर तसं लिहा. तुम्ही 'जसं आहे तसं' लिहिलंत, आणि ते खरं ठरावं म्हणून जित्या माणसाला कोठडीत घालायला निघालात. खोट्या फिर्यादीचा गुन्हा लागेल. चला."

मग राजाबाईकडं वळून त्यांनी विचारलं, "तू कशी गं तयार झालीस?"

"साहेब म्हणले, नाटकावानी हाय. मालक अर्धी मेंढरं घिऊन फुडं गेलते. कपाळ पुसलं, बांगड्या उतरवल्या, मणी काढले. जोडव्याला मात्र हात लावू दिला नाय. म्हणलं, नाटक तुमचं, नवरा माझा. तर म्हणले, राहू दे, पायाकडं कोण बघतंय."

हनुमाननं घोंगडी सावरली. बायकोकडं बघितलं नाही, पण तिच्या शेजारी जाऊन उभा राहिला.

द्वारकाबाईंनी राजकुमारच्या हातात पेन दिलं. "निघायच्या आधी पाटी बदला. परीक्षक येतीलच. लिहा: राजाबाई. नवरा हनुमान, जिवंत. फोटो रचून काढलेला."

राजकुमारनं लिहिलं.

"बाई," राजाबाई म्हणाली, "आणिक एक ल्हिवा त्येच्यात."

"काय?"

"जोडवी काढली नाय म्हणून."

द्वारकाबाईंनी मान हलवली. राजकुमारनं खाली वाकून तेही लिहिलं.