एक पळी तेल

ताटाच्या एका कडेखाली त्याने रुमालाची घडी सारली होती. मला आधी वाटलं, ताट हलत असेल. मग दिसलं... शेवभाजीवरचं लालभडक तेल हळूहळू उताराला जाऊन साचत होतं आणि हा गृहस्थ कोरड्या बाजूची भाजी भाकरीने टिपून खात होता. जळगावात! माझ्या हातची!

मी भाकऱ्यांची दुरडी त्याच्यासमोर आदळलीच. "काय चाललंय हे?"

तो दचकला. सावळा, चांगला गुबगुबीत, आणि डोळे मात्र... जाऊ दे. "काही नाही. तेल जरा निथळतोय."

"निथळायला ते काय धुणं आहे?"

एवढ्यात मंजुळाआत्या बाहेर आली. पिंप्राळ्यातली ही खानावळ तिची. आईमागे तिनेच मला वाढवलं, त्यामुळे तिचा शब्द म्हणजे शब्द. ताटाकडे बघून तिने कपाळावर हात मारला. "हाई काय शे रे भाऊ? तेल नको? आमच्या अमळनेरकडे ताटात तेल कमी पडलं तर पाहुणा रुसून जातो!"

"अक्का, मीपण तिकडचाच," तो ओशाळून म्हणाला. "म्हणून तर हे असं झालंय." आणि त्याने स्वतःच्या पोटाकडे बोट दाखवलं. मला हसू आवरेना.

त्याचं नाव अभिमन. एका कचेरीत कारकून होता. जंगलखात्यातल्या रेंजरची लेखी परीक्षा पास झाला होता, पण मार्गशीर्षात धुळ्याला चालण्याची परीक्षा होती. चार तासांत सोळा मैल. वजन छ्याऐंशी किलो. दोन मैलांत धाप लागायची. लहानपणापासून याला सातपुड्यातलं रान हवं होतं. "नापास झालो तर जन्मभर टेबलाखाली पाय हलवत बसायचं," तो म्हणाला, आणि ते असं म्हणाला की माझा राग कुठल्या कुठे गेला.

"उद्यापासून तुमची भाजी वेगळी," मी म्हटलं.

बोलायला काय जातं! दुसऱ्या दिवशी बिनतेलाची गिलक्यांची भाजी कढईला अशी चिकटली की खरवडून काढावी लागली. मग युक्ती सुचली. कढईवर खोलगट झाकण, झाकणात पाणी. भाजी आपल्याच वाफेवर शिजते, करपत नाही. कोबी, गवार, पोकळा, काय मिळेल ते. पोट भरावं म्हणून मूठभर भिजवलेली मुगाची डाळ. जिरं आणि लसूण कोरडेच भाजायचे, हिरव्या मिरचीसोबत ठेचायचे आणि शेवटी वरून घालून मोठ्या आचेवर दोनदा परतायचं. बाहेर श्रावणाची भुरभुर, आत लसणाचा वास... आणि तो पाटावर बसून वाट बघतोय.

"पोट भरलं?" मी विचारायची.

"पोट भरलं."

"मग उठत का नाही?"

"डोळे अजून उपाशी आहेत," म्हणायचा, आणि घाईघाईने पाणी प्यायचा. बावळट कुठला!

दर रविवारी तो स्टेशनवरच्या काट्यावर दहा पैसे टाकायचा. वजनाचं तिकीट पडायचं, मागे भविष्य छापलेलं. ते तिकीट तो मला आणून द्यायचा आणि मी मिठाच्या बरणीमागे ठेवायची. त्र्याऐंशी. ऐंशी. अठ्ठ्याहत्तर. खानावळीतल्या प्रत्येकाला भाऊ म्हणायचं, हा आत्याचा कडक नियम. मोतीलालभाऊ, हिलालभाऊ, सगळे भाऊ. एकदा मी पाठमोऱ्या अभिमनला हाक मारली, "अहो, भाजी घ्या!"

तो वळला. हळूच म्हणाला, "द्वारका, सगळे भाऊ, आणि मी तेवढा अहो?"

मी स्वयंपाकघरात पळाले ती बराच वेळ बाहेर आलेच नाही.

आणि मग एका रविवारी तिकीट आलं. सत्त्याहत्तर. मागे छापलं होतं, 'लवकरच लांबचा प्रवास घडेल.'

"खरंच आहे," तो खुशीत म्हणाला. "पास झालो की दोन वर्षं डेहराडूनला शिकायला."

दोन वर्षं! म्हणजे मीच रोज चुलीपुढे बसून याला लांब पाठवत होते की! सोमवारी कढई तापली. माझा हात तेलाच्या भांड्याकडे गेला... आणि एक पळी तेल मी गुपचूप भाजीत ओतलं. मंगळवारीही. आठवडाभर.

पुढच्या रविवारी अठ्ठ्याहत्तर. तिकीट माझ्या हातात ठेवून तो निघून गेला. सोमवारी पाटावर बसला आणि म्हणाला, "आजपासून नुसतं ताक दे. पहाटे मेहरूणच्या तळ्याला दोन फेऱ्या जास्त मारतो." चेहरा उतरलेला, ओठ सुकलेले. मला स्वतःचीच किळस आली.

"नका हो असं करू," मी रडतच बोलले. "तुमची काही चूक नाही. मीच तेल घातलं. तुम्ही जाऊ नये म्हणून."

तो शांतपणे म्हणाला, "ठाऊक आहे. पहिल्या घासालाच कळलं. तेलाच्या गावचा आहे मी."

"मग बोलला का नाहीत? खाल्लंत कशाला?"

"मला 'जाऊ नको' असं आजवर कुणी म्हटलंच नव्हतं, द्वारका..." त्याने ताट जवळ ओढलं. "गोड लागलं. म्हणून खाल्लं. आता उद्या काय घालायचं, ते तू ठरव."

रात्रभर तळमळले. सकाळी गवार निवडली, डाळ भिजवली, झाकणात पाणी ओतलं. तेलाचं भांडं उचलून फळीवर ठेवलं, हात पोचणार नाही इतकं उंच.

धुळ्याहून तो एस.टी.ने परतला तेव्हा दिवेलागण झाली होती. पायांना फोड, अंगभर धूळ. "तीन तास चाळीस मिनिटं!" दारातूनच ओरडला. मग आत्यासमोर येऊन मान खाली घालून उभा राहिला. "अक्का, दोन वर्षांनी येतो. तोवर... द्वारकासाठी दुसरीकडे बघू नका."

आत्याने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. त्याला पाटावर बसवलं, खिचडी वाढली आणि आत निघून गेली. संपलं, मला वाटलं. भाऊ म्हणायचा नियम मोडला, आता ही याला दारातही उभं करणार नाही.

आत्या आली ती स्टुलावर चढून काढलेलं तेलाचं भांडं घेऊनच. त्याच्या खिचडीवर तिने एक पळी कच्चं तेल ओतलं. मग आणखी एक.

"अगं आत्या!" मी ओरडले. "त्यांना तेल चालत नाही!"

"गप बैस," ती म्हणाली. "जवाईले कोरडं कोन वाढस?"

अभिमनने खिशातून रुमाल काढला. मला वाटलं, आता ताटाखाली सारतो की काय. पण त्याने डोळे पुसले आणि तेलासकट सगळी खिचडी संपवली. ठेचा तिखट होता, म्हणाला. ताटात ठेचा नव्हताच.