बोटाच्या आधी

अलोऱ्याच्या कॉलनीजवळच्या त्या पदविका कॉलेजात प्रॅक्टिकलची एक सोयीची रीत होती. आधी गणित सोडवून उत्तर काढायचं, मग त्या उत्तराला शोभतील अशी रीडिंगं लिहायची. मीटरकडे बघणं हा फावल्या वेळचा उद्योग. ईशाही त्यातच तयार झालेली. विषय दोनदा राहिला होता. आज सुटला तर वीजगृहात नोकरी, नाहीतर केळशीला मावशीच्या दुकानात बसून सुपाऱ्या निवडणं.

टेबलावर रेझिस्टर, कॉइल आणि कपॅसिटर एकामागे एक जोडलेले. कॉइलचा नि कपॅसिटरचा विरोध सारखाच, म्हणजे दोघं एकमेकांना खाऊन टाकणार. उरला फक्त रेझिस्टर. दोनशे तीस व्होल्ट, दोनशे तीस ओहम. ईशानं 'एक अँपिअर' लिहिलं आणि स्विचकडे बोट नेलं.

करंटच्या मीटरचा काटा एकवर जाऊन उभा राहिला. बोट अजून वीतभर लांब होतं.

"सर, हा आधीच चढला."

सुजय सर बाहेरच्या परीक्षकांसाठी आणलेली चहाची बशी पुसत होते. सासऱ्यांसाठीही त्यांनी कधी पुसली नसेल. "कपॅसिटर आहे ना गो? करंट पुढेच असतो."

"व्होल्टेजच्या पुढे असतो, सर. माझ्या बोटाच्या नाय."

सर हसत जवळ आले. ईशानं स्विच दाबला; काटा होता तिथेच. बंद करायचं तिच्या नुसतं मनात आलं आणि काटा शून्यावर आला. स्विच तिनं मागाहून बंद केला.

सरांचं हसू मावळलं. त्यांनी रेझिस्टर सोडवून हातात घेतला. आता मधे दोन उघडी टोकं, बाकी हवा. करंट जाणार कुठून?

काटा सावकाश वर सरकला. पॉइंट दोनवर थांबला.

"मीटर चिकटलाय." सरांनी टिचकी मारली. काटा थरथरला आणि पुन्हा तिथेच आला.

ईशानं सवयीनं गणित मांडलं. "साडेअकराशे ओहम. सर, तुम्हीच शिकवलंत ना... ओल्या हातांचा माणूस साधारण एवढाच भरतो."

सर पलीकडच्या भिंतीवरचा मेन स्विच बंद करायला वळले.

तेवढ्यात परीक्षक महाडिक बेसिनवरून हात झटकत आले. "वायर सुटलेय, दिसत नाही? तिसऱ्यांदा बसलीस ना तू? सरक."

त्यांचे दोन्ही हात त्या दोन टोकांकडे निघाले.

"हात लावू नका साहेब!"

"परीक्षा कोण घेतंय? नापास करीन."

ईशाला क्षणभर मावशीचं दुकान दिसलं.

"करा," ती म्हणाली आणि त्यांचं ओलं मनगट तिनं घट्ट धरलं.

काटा खाली येऊ लागला. तिनं श्वास सोडला.

काटा शून्यावर गेला नाही. पॉइंट एकवर थांबला.

करंट निम्मा, म्हणजे विरोध दुप्पट. एकामागे एक जोडलेली दोन माणसं.

टेबलावरचा स्विच अजून बंदच होता.