कुसुमावतीला बरं कोणी केलं?

"आमचा टेप कोणीतरी दुरुस्त केलाय," इरावती मुजुमदार दारातूनच म्हणाली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

स्वानंदी बक्षीच्या देवासच्या कचेरीत लोक हरवलेली माणसं शोधायला येत, लग्नाची स्थळं पारखायला येत. दुरुस्तीची तक्रार पहिलीच. तिचा मदतनीस मयुरेश हसू दाबत म्हणाला, "मग पेढे आणू का?"

"माझी अब्रू चाललीय, आणि तुला पेढे सुचतायत!"

इरावती फेसबुकवर 'बंद पडलंय' हा गट चालवते. बिघडलेल्या यंत्रांची थट्टा, आणि तीही मराठीत. खातेगांवचा दूध गरम करणारा फ्रिज, टीव्ही लावला तरच फिरणारा बागलीचा पंखा. माळव्यातली मराठी संपली म्हणून गळे काढणाऱ्यांनी हा गट जरूर बघावा. हिंदी शाळेत शिकलेली पोरं इथे अक्षर अक्षर लावून विनोद वाचतात. गटाची महाराणी कुसुमावती, म्हणजे इरावतीचा जुना टेपरेकॉर्डर. त्यावर कोणतंही गाणं लावा, कुंभकर्ण जांभया देत गातोय असं वाटतं.

"एकाने लिहिलं, आवाज मोबाईलवर बनवलाय, बाई खोटारडी आहे. मी म्हटलं, दसऱ्याला या, समोर वाजवते. आज संध्याकाळी धार-देवासची सगळी मंडळी जमणार. आणि सकाळी उत्तरपूजेनंतर लावते तर कुसुमावती सुरात!"

"काल लावला नव्हता?"

"काल खंडेनवमी. पूजेतल्या यंत्राला आम्ही हात लावत नाही. परवापर्यंत रेंगाळत होती."

मुजुमदारांकडे पूजेची मांडणी अजून तशीच होती. चौरंगावर मिक्सर, इस्त्री, पक्कड, लॅपटॉप आणि कुसुमावती. खाली कोपऱ्यात एक बंद पडलेलं घड्याळ होतं, गंध नाही की फूल नाही. स्वानंदीने कुसुमावती निरखली. झाकणाचा वरचा स्क्रू गंधाखाली झाकला गेला होता. कालचं गंध सुकलेलं, अखंड.

गटातला चिराग त्यांच्याकडे पाहुणा आला होता, धारला त्याचं रिपेअरिंगचं दुकान.

"अरे भिया, मी तर काल पूजेनंतर आलो!" तो मयुरेशवर उखडला. "दुकान आहे म्हणून काय कुठेही पेचकस-स्क्रूड्रायव्हर घेऊन घुसतो? कुसुमावती सुधरली तर अपना ग्रुपच बसेल ना!"

शेजारची जया म्हणाली, "मी पूजेच्या आधी झेंडू देऊन गेले. ताई देवीच्या टेकडीवर दर्शनाला गेलेल्या. अण्णा एकटेच मांडणी करत होते. त्यात ते दुसऱ्याला हात लावू देत नाहीत."

अण्णा म्हणजे इरावतीचे सासरे, वीज मंडळातले निवृत्त इंजिनिअर.

"अण्णा, हे घड्याळ खाली का?"

"भग्न वस्तूची पूजा करीत नाहीत, बाळ. आमच्याकडची रीत आहे."

"कुसुमावती गेल्या वर्षी कुठे होती?"

"खालीच," इरावती म्हणाली. "घड्याळाशेजारी."

अण्णांनी मान वळवली.

"चिरागच!" मयुरेश कुजबुजला. "रात्रभर घरात होता."

"गंध न मोडता स्क्रू फिरत नाही," स्वानंदी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "म्हणजे दुरुस्ती पूजेआधीची. चिराग सुटला. तेव्हा घरात अण्णा होते आणि घटकाभर जया. पण बिघडलेल्याला गंध न लावणाऱ्या माणसाने यंदा कुसुमावतीला चौरंगावर बसवलं. ती बरी झालीय हे त्याला ठाऊक होतं. आणि ठाऊक असूनही तो गप्प राहिला. अण्णा, का?"

अण्णांनी कुसुमावतीवरचा झेंडू सरळ केला.

"नवरात्रात एकदा टेकडीवर गेलो, तिथे एक अनोळखी बाई भेटल्या. म्हणाल्या, 'कुसुमावतीवाल्या इरावतीचे सासरे ना तुम्ही?' जन्मभर नोकरी केली, असं कोणी ओळखलं नव्हतं. जिच्यामुळे माझ्या सुनेचं नाव झालं, तिला जमिनीवर ठेवू? आतला रबरी पट्टा सैल होता, तो बदलला. लोकांसमोर वाजवायचं ठरलंय हे मला आज कळलं, आणि मग तोंड उघडायची लाज वाटली."

इरावतीला रागवावं की पाया पडावं, कळेना. अण्णांनी बंडीच्या खिशातून जुना पट्टा काढला.

संध्याकाळी अंगण भरलं. अण्णांनी आधी घडलं ते सांगितलं, सुरातली कुसुमावती ऐकवली, मग सगळ्यांदेखत झाकण उघडून जुना पट्टा चढवला. कुंभकर्ण जागा झाला. हशा उसळला, आणि आरोप करणारा गृहस्थ स्वतः पुढे येऊन म्हणाला, "ताई, माफ करा. चुकलो मी."

अण्णांनी पक्कड खाली ठेवली.

"आयुष्यभर बंद यंत्रं चालू केली," ते म्हणाले. "आज सूनबाईसाठी चालू यंत्र बिघडवलं. इतकं चोख काम माझ्या हातून कधी झालं नव्हतं."