तीन टापा

जळबा माझा जुना सोबती, लेकरा. वारंगा फाट्याच्या अलीकडं त्याचं सायकलीचं दुकान होतं. खोटं बोलायची सवय न्हाई त्याला. ही गोष्ट त्यानं मला सांगितली, अन् सांगून होईस्तोवर माझा हात सोडला न्हाई.

साल दोन हजार चार. चंपाषष्ठीची आदली रात्र. दुसऱ्या दिवशी गावात खंडोबाची जत्रा, अन् जत्रेत घोड्यांची शर्यत. जळबा जेवून हात धूत होता, तेवढ्यात शेजारचा नरसिंग आला. शर्यतीचे घोडे पाळायचा. पंचक्रोशीत नाव होतं त्याचं.

"जळबा, फटफटी काढ. फाट्यावरून इंजेक्शन आणायचंय. नव्या घोड्याचा पाय सुजलाय."

"सुजलाय तर उद्या पळवू नको."

"काहून? लोक माझंच घोडं बघाया येऊन राहिलेत. इंजेक्शन दिलं की त्याला तकलीफ कळत न्हाई."

जळबाला हरणी आठवली.

हरणी नरसिंगचीच घोडी. आदल्या सालच्या जत्रेत तिलाही असंच सुजल्या पायावर इंजेक्शन देऊन पळवलं. निम्म्यावर पाय मोडला. नरसिंगनं चाबूक थांबवला न्हाई. तीन पायांवर ती पहिली आली. लोकांनी शिट्या मारल्या, नरसिंगला खांद्यावर घेतलं. अन् घोडी टाकली मैदानामागच्या ओढ्यात. जिवंत. रातभर खिंकाळत होती. अख्ख्या गावानं ऐकलं. कुणी उठलं न्हाई.

तरी जळबा गेला. शेजारधर्म. न्हाई म्हणवलं न्हाई त्याला.

येताना पंचमीची कोर मावळली होती. थंडी. रस्त्यावर चिटपाखरू न्हाई. मागं नरसिंग, खिशात इंजेक्शन घेऊन. कॅनालचा पूल ओलांडला, अन् डांबरावर टापा ऐकू आल्या. गाडीच्या बराबरीनं.

टप... टप... टप...

मग एक खाडा.

टप... टप... टप...

"कुणाचं घोडं सुटलंय रे?"

जळबानं आरशात पाहिलं. नरसिंग होता. त्याच्यामागं नुसता काळोख.

"जळबा... पळव."

"काय झालं?"

"मानेवर... श्वास सोडून राहिली..."

जळबानं मूठ पिळली. टापाही वाढल्या. मग हवेत आवाज झाला. सट्ट! चाबकाचा. नरसिंग किंचाळला. पुन्हा सट्ट. पुन्हा.

अन् नरसिंगनं चालत्या गाडीवरून उडी टाकली.

"मेला, आबा?"

मेला असता तर सुटला असता, लेकरा.

उठला. पळाया लागला. गाडीच्या पुढं, लाइटीच्या उजेडात. पन्नाशीचा माणूस. गाडीला सापडंना. मागून सट्ट... सट्ट... जळबा हाका मारून राहिला. तो थांबला न्हाई. थांबू दिलं न्हाई कुणी. मैदानाकडं वळला. उजेडाबाहेर गेला.

मग हाड मोडलं. तेवढं ऐकू आलं.

मग काहीच न्हाई...

जळबानं गाव उठवलं. माणसं बॅटऱ्या घेऊन गेली. नरसिंग ओढ्यात पडला होता. पाय गुडघ्याखाली मोडलेला. तोंडाला फेस. सदरा फाटून पाठीवर वळ उठलेले. मैदानातल्या मऊ मातीत त्याच्या एकट्याचीच पावलं. टाप एकही न्हाई.

सकाळी जत्रा भरली, शर्यत झाली न्हाई. बंद करा म्हणून कुणी बोललं न्हाई. पण घोडं घेऊन कुणी आलं न्हाई, अन् बघाया कुणी थांबलं न्हाई. त्या सालापासून न्हाईच. नवं घोडं जळबानं आपल्या दारात बांधलं. पाय बरा झाला त्याचा.

नरसिंगला नांदेडला नेलं. डॉक्टरनं पाय बघितला, मग तोंडावरचा फेस पुसला, अन् हात मागं घेतला. जळबाला बाजूला बोलावून हळूच विचारलं, "याच्या तोंडात लोखंड कुणी घातलं होतं?"

ओठांचे दोन्ही कोपरे गालापर्यंत चिरले होते. लगाम खेचला की चिरतात तसे. अन् जिभेवर, आडवा, गंजाचा पट्टा.