ओरखडा नसलेली मासोळी

"ती निळी घे ना, ओपल! प्लीज, प्लीज!" जूनबगने दुकानातल्या काचेच्या कपाटाला नाक चिकटवलं होतं.

"त्या एका निळीत आपले सगळे पैसे संपतील, बावळटे!" हॉइट म्हणाला. "मग गळ काय तुझ्या वेणीला बांधायचा?"

कपाटात ‘टॅकेटची करामत’ नावाची आमिषाची मासोळी ऐटीत लटकत होती. निळी पाठ, चंदेरी पोट, पोटाखाली चकचकीत गळ. लाकडाचीच, पण बास मासा तिला खरी समजून झडप घालतो म्हणे! बनवणारा बक टॅकेट. ऐन उन्हाळ्यात पॉसम फोर्क तलावातले बास खोल पाण्यात दडी मारतात, भलेभले हात हलवत परत येतात. पण या पठ्ठ्याने लागोपाठ तीन शनिवारी स्पर्धा जिंकली होती. तेव्हापासून त्याच्या मासोळ्यांवर लोकांच्या उड्या पडत होत्या.

तेरा वर्षांची ओपल मात्र कोपऱ्यातल्या जुन्या आमिषांच्या बादलीत कोपरापर्यंत बुडाली होती. हॉइट तिचा चुलतभाऊ, जूनबग धाकटी बहीण. सुट्टीभर तिघांची होडी एक, भांडणं हजार!

"ही!" तिने रंग उडालेली एक हिरवी मासोळी वर काढली.

"शी! हिला तर खरूज झालीय!"

"अरे गाढवा, ओरखडे म्हणजे हिचं प्रगतिपुस्तक! बासचं तोंड कानशीसारखं खरखरीत असतं. ओरखडे आहेत, म्हणजे हिनं मासे धरलेत. ही एक घेऊ आणि रबरी किड्यांचं एक पाकीट. गळाचं टोक किड्याच्या पोटातच लपवायचं, मग तो ओंडक्यांत अडकत नाही. झाली खरेदी!"

तेवढ्यात दार ढकलून खुद्द बक टॅकेट आत आला. "काय रे पोरांनो, भंगार उपसताय?" त्याने खिशातून एक निळी मासोळी काढून ओपलच्या तळहातावर ठेवली. "जरा खरा माल बघा! तिन्ही शनिवारी हिनंच जिंकून दिलंय मला."

ओपलने मासोळी उजेडात धरली. उलटी केली. पुन्हा सुलटी केली. निळ्या पाठीवरून बोट फिरवलं.

"मिस्टर बक, तिन्ही वेळा हीच होती?"

"हीच! खोटं वाटतं तर तुझ्या आईला विचार. तीच तर तोलते माझे मासे."

"तोलते खरी!" गल्ल्यापाशी उभा असलेला म्हातारा व्हर्नन स्कॅग्स फिस्कारला. तो मासेमारी क्लबचा अध्यक्ष. "बक पडला तिचा शेजारी, त्याचे मासे तिच्या काट्यावर जरा जास्तच भरतात!"

ओपलचे कान तापले. गेले काही दिवस सगळ्या किनाऱ्यावर हीच कुजबुज होती. येत्या शनिवारी स्पर्धा संपली की क्लब मतदान घेणार होता, तिच्या आईकडून वजनकाटा काढून घ्यायचा की नाही यावर. आई घरी नुसती काट्याचं ताट पुसत बसायची. पुसलेलंच पुन्हा पुसायची.

बाहेर पडताच ओपल उसळली. "त्या निळीवर एकसुद्धा ओरखडा नाही! तीन स्पर्धांचे सगळे मासे तिनं धरले आणि रंगाचा टवकासुद्धा उडाला नाही?"

"मग त्यानं मासे आणले कुठून?" हॉइटने विचारलं.



दुसऱ्या दिवशी सकाळी तलावाच्या एका निर्जन कोपऱ्यात हिरवी मासोळी खाली कशात तरी अडकली. हॉइटने गळाचा दोरा, तंगूस, ओढून पाहिला. ढिम्म!

"तंगूस कापू?" त्याने नखं कापायचं यंत्र काढलं. महागडी कात्री कुणाकडे होती?

"खबरदार! दुसरी घ्यायला पैसे कुठायत?"

पैसेवाल्याने तंगूस कापून नवं आमिष बांधलं असतं. ओपलने धाडकन पाण्यात उडी मारली! तंगूस धरून ती खाली खाली गेली. हाताला तारेची जाळी लागली. आणि जाळीच्या आत काहीतरी फडफडलं!

ती धापा टाकत वर आली. "पिंजरा! खाली पिंजरा आहे, आणि आत जिवंत बास!"

"श्श!" जूनबगने बोट ओठांवर ठेवलं.

मोटारबोट! आवाज इकडेच येत होता. हॉइटने खटकन तंगूस कापला, ओपलला वर ओढलं आणि होडी काठावरच्या वाळुंज झाडांच्या लोंबत्या फांद्यांखाली लोटली.

बोटीत बक टॅकेट होता. त्याने बुडालेल्या ओंडक्याला बांधलेला दोर शोधला आणि पिंजरा वर ओढला. जाळीला हिरवी मासोळी तशीच लटकत होती!

ओपल होडीत खाली वाकली. आता त्याने मान वळवली तर?

"हॅ! कुणाचं तरी भंगार अडकलंय!" बक खदखदला. त्याने ती उपटून तलावात भिरकावली. हॉइटच्या घशातून निघालेली किंकाळी ओपलने हाताने दाबली. बकने बादलीतला एक मोठा बास पिंजऱ्यात टाकला, पिंजरा सोडला आणि शीळ घालत निघून गेला.

"सोडून देऊया त्या बिचाऱ्यांना!" जूनबग रडकुंडीला आली.

"मग शनिवारी दाखवायला हे साठवलेले मासे नसतील, तो हरेल, पण आईवरचा डाग तसाच राहील," ओपल म्हणाली. "सांगायला गेलो तर म्हणतील, आईसाठी पोरांनी रचलं. पिंजऱ्यावर कुठं त्याचं नाव आहे?" ती थबकली. "हॉइट, शाळेत ते मासे मोजणारे आले होते, आठवतं? शेपटीच्या पराचा नखाएवढा तुकडा कापतात, खूण म्हणून. माशाला इजा होत नाही, पर पुन्हा वाढतो."

हॉइटने हातातल्या यंत्राकडे पाहिलं आणि तो हसला.

पिंजरा वर आला. ओल्या हातांनी मासे धरायचं काम जूनबगचं. प्रत्येक शेपटीच्या खालच्या टोकाला एक त्रिकोणी खाच! तुकडे किड्यांच्या रिकाम्या पाकिटात बंद करून ओपल थेट व्हर्नन स्कॅग्सच्या दारात उभी राहिली.

"मिस्टर व्हर्नन, हे शनिवारपर्यंत तुमच्या खिशात ठेवा. उघडू नका."

"ही काय थट्टा आहे?"

"थट्टा निघाली तर काटा खुशाल काढून घ्या!"

म्हातारा गुरगुरला. पण पाकीट खिशात गेलं.

शनिवारी धक्क्यावर ही गर्दी! बक टॅकेट पाण्याने भरलेली पिशवी उंचावत आला. "पुन्हा करामत! स्पर्धेचे पाचच्या पाच मासे!"

आईने पिशवीकडे हात नेला. आज त्याने दुसरेच मासे आणले असतील तर? तर आईचा काटा आपणच घालवला!

"थांबा!" तिचा आवाज चिरकला. "आधी शेपट्या बघा!"

"ओपल! हे काय?" आईचा चेहरा पांढराफटक पडला.

"मिस्टर व्हर्नन, आता पाकीट उघडा!"

व्हर्ननने चष्मा चढवला. पहिला मासा उचलला. शेपटीला त्रिकोणी खाच! दुसऱ्याला खाच! पाचव्यापर्यंत सगळी गर्दी काट्याभोवती दाटली. त्याने पाकिटातला एक तुकडा खाचेला लावून पाहिला. जुळला नाही. दुसरा लावला. नेमका बसला!

"हे परवापासून माझ्या खिशात आहे," तो सावकाश म्हणाला. "आणि मासे आज धरलेले?"

"कासवानं चावा घेतला असेल!" बक ओरडला.

"पाचही जणांना, एकाच जागी, त्रिकोणी?" हॉइट म्हणाला. "फारच शिस्तीचं कासव बुवा!"

हास्याचा स्फोट झाला! ओपलने पिंजऱ्याची जागा सांगितली. गर्दीत उभी असलेली वनखात्याची अधिकारी बाई लगेच बोटीत चढली आणि तिने बकलाही बोटीत बसायला लावलं. आज त्याची शीळ गप्प होती.

"माझ्या उभ्या हयातीत असली डोकेबाज पोरं पाहिली नाहीत!" व्हर्ननने तिघांच्या पाठी थोपटल्या. जूनबगची तर दोनदा.

"आणि मतदान?" मागून कुणीतरी विचारलं.

व्हर्ननने टोपी काढली. स्वतःच्या पिशवीतला मासा काट्याच्या ताटात ठेवला आणि काट्याकडे चक्क पाठ करून तो ओपलच्या आईला म्हणाला,

"लोएला, तू वाच. मी बघत नाही."

आईने डोळे पुसले आणि काट्यावर वाकली. "दोन पौंड... एक औंस."

"मला तर चांगला तीन पौंडांचा वाटला होता!" म्हातारा पाठमोराच पुटपुटला. मग सगळ्या धक्क्याला ऐकू जाईल असा गरजला, "बघताय काय? लिहा! दोन पौंड, एक औंस!"