गरुडाच्या गिटारवरचं वेटोळं

"हलू नकोस ना! माझी मान मोडेल!"

"तूच हलतोयस! जरा डावीकडे... अजून थोडा... बस्स!"

भर चौकात, लोक बघतायत याची जराही पर्वा न करता, भिंगरी आपल्या आतेभावाच्या खांद्यावर चढून बसली होती. हातात बाबांच्या दुकानातलं भिंग आणि नाकासमोर भिंतभर पोस्टर! पोस्टरवर गरुड. तोच तो, ज्याच्या गाण्यांनी स्टेडियमं हादरतात तो रॉक गायक. तोंडावर केसांचं जंगल, डोळ्यांवर काळा चष्मा आणि छातीशी गिटार.

खाली घामाघूम झालेला आतेभाऊ म्हणजे प्रोफेसर. वय चौदा, पण बोलणं साठीच्या माणसासारखं. त्याच्या काखेत एक जाडजूड वही होती आणि त्या वहीत 'खरा गरुड मेला आहे' याचे तब्बल एक्केचाळीस पुरावे होते! शेजारी त्याची बहीण टाचणी पहाऱ्याला. नऊ वर्षांची, काडीसारखी, पण टोचायला एक नंबर. सुट्टीत दोघं मामाकडे राहायला आली होती.

"पुरावा क्रमांक बारा," प्रोफेसर धापा टाकत म्हणाला, "नवा गरुड गाणं संपल्यावर खोकतो. जुना कधीच खोकत नव्हता!"

"मीपण कधीकधी खोकते," टाचणी म्हणाली. "मग मीपण मेले का?"

"गप गं!"

हे असं सगळ्या जगात चाललं होतं. गेल्या वर्षी गरुड एकाएकी गायब झाला. चार महिने ना गाणं, ना फोटो. मग सात महिन्यांपूर्वी परत आला तो अंगाने निम्मा होऊन आणि आवाज खोल गेलेला. झालं! गरुडवेड्यांनी ठरवूनच टाकलं की खरा गरुड अपघातात गेला आणि कंपनीने त्याच्या जागी दुसराच कुणीतरी उभा केलाय.

भिंगरीला आधी या सगळ्याचं हसू यायचं. पण आता येत नव्हतं. कारण तिचा दादा घर सोडून गेला त्याला आठ महिने झाले होते. आधी दादा गेला आणि महिन्याभरात गरुड परत आला! दादा तसाच उंच आणि तसाच काटकुळा. कॉलेजात तो पडद्यामागून गरुडाची नक्कल करायचा तेव्हा पोरं पडदा ओढून खात्री करायची.

भिंगरीने भिंग गिटारच्या डोक्यावर धरलं. तिथे सहा खुंट्या असतात, तारा पिळायच्या. खुंटीवर तार गुंडाळली की उरलेलं टोक सगळे जण कचकन कापून टाकतात. पण इथे...

"प्रोफेसर," तिचा आवाज एकदम चिरका झाला. "खाली उतरव मला."

"काय दिसलं?"

"वेटोळी! सहाच्या सहा टोकांना वेटोळी!"

वाद्यं दुरुस्त करणाऱ्या बाबांची ती खास पद्धत होती. भिंगरी रांगायला लागली तेव्हा तारेचं टोक तिच्या बोटात घुसलं होतं. त्या दिवसापासून बाबांनी टोकं कापणं सोडलं. पक्कडीने ते टोक वळवून मसुराएवढं वेटोळं करायचं आणि आत दाबून टाकायचं. गिऱ्हाइकं हसायची. या जगात असं करणारी दोनच माणसं होती. एक बाबा, आणि दुसरा बाबांच्या हाताखाली शिकलेला दादा!

"म्हणजे नवा गरुड..." प्रोफेसरचा चष्माच घसरला.

"माझा दादा आहे!"

*

तिघं धावत घरी आली तेव्हा आई दारातच चपला घालत होती. हातात दादाचा फोटो, प्लॅस्टिकच्या पाकिटात घातलेला. हाताळून हाताळून पाकीट पार धुरकट झालं होतं.

"नदीपलीकडच्या चौकीत नवे साहेब आलेत," आई म्हणाली. "एकदा दाखवून येते. भाकरी झाकून ठेवलीय."

"आई, तू जेवलीस?"

"आल्यावर."

आल्यावर ती जेवणार नाही हे भिंगरीला माहीत होतं. आईची मनगटं इतकी बारीक झाली होती की बांगड्या कोपरापर्यंत चढायच्या. सगळं सांगून टाकावं असं ओठांवर आलं, पण भिंगरीने दात आवळले. मागे एकदा ती "बाजारात दादा दिसला!" म्हणून ओरडली होती आणि आई अनवाणी धावत जाऊन एका परक्या मुलाच्या गळ्यात पडली होती. त्या दिवसानंतर आई हसलीच नव्हती. आता पुन्हा चुकायला परवानगी नव्हती! दादाला हाताला धरूनच आणायचं.

पुढच्या खोलीतल्या दुकानात बाबा मान खाली घालून एका हार्मोनियमचे सूर कानशीने घासत होते. त्यांनी वर पाहिलंसुद्धा नाही. दादाचा विषय निघाला की ते असेच घासत बसायचे.

"आज सात वाजता कार्यक्रम," प्रोफेसर कुजबुजला. "उद्या सकाळी सगळा ताफा परदेशी. वर्षभरासाठी!"

"म्हणजे आपल्याकडे फक्त आजची दुपार आहे," भिंगरी म्हणाली. तिने कोपऱ्यातली गिटारची रिकामी पेटी उचलली आणि गल्ल्यावरचं पावतीपुस्तक हळूच काखेत मारलं. बाबा घासतच होते.

*

स्टेडियमच्या पुढच्या दाराशी गरुडवेड्यांची झुंबड होती. 'आमचा गरुड परत द्या!' 'तू कोण आहेस?' असे फलक नाचत होते. कुणी रडत होतं, कुणी दारावर मुठी आपटत होतं. तिघं वळसा घालून मागच्या दाराशी गेली. तिथे एक धिप्पाड पहारेकरी मोबाइलमध्ये डोकं खुपसून बसला होता.

"ए पोरांनो! चला, पळा इथून!"

"काका, दुरुस्तीचा माल आहे," भिंगरीने पेटी पुढे केली. आवाज कसा खणखणीत! "गरुडसाहेबांची गिटार. तालमीच्या आधी पोचवायचीय."

"उघडून दाखव."

"उन्हात?" प्रोफेसर केवढ्याने किंचाळला! "लाकूड तडकलं तर? ताजा डिंक आहे!"

"मग मोठं माणूस घेऊन या. लहान पोरांना सोडायचं नाही, असा हुकूम आहे."

"काही हरकत नाही," भिंगरीने पावतीपुस्तक उघडलं आणि पेन त्याच्या नाकासमोर धरलं. "फक्त इथे लिहा, 'माल आला होता, मी परत पाठवला.' खाली नाव आणि सही."

पहारेकऱ्याने पेनाकडे असं पाहिलं, जणू विंचूच आहे तो.

"सही कशाला?"

"गिटार का नाही आली असं विचारलं तर दाखवायला नको? टाचणी, काकांचं नाव विचारून घे. स्पष्ट अक्षरात."

"आडनावसुद्धा सांगा, काका," टाचणी गोड आवाजात म्हणाली.

पहारेकऱ्याने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. "जा, जा! पाच मिनिटांत बाहेर या. आणि मी तुम्हाला पाहिलेलंच नाही!"

*

रंगमंच म्हणजे लोखंडी नळ्यांचा डोंगर होता. वर तो उभा होता, पाठमोरा. तेच उंच खांदे. तोच एक पाय दुमडून उभं राहायचा ढंग. भिंगरीच्या हातून पेटी पडली. पायऱ्या कशा चढली ते तिला कळलंच नाही.

"दादा!" तिने मागून त्याला घट्ट मिठी मारली. "दादा, घरी चल! आई जेवत नाही रे! आता नाटक पुरे! चल!"

तो वळला. त्याने काळा चष्मा काढला.

डोळ्यांभोवती सुरकुत्याच सुरकुत्या. कानाजवळ पांढरे केस. गळ्यावर एक लांबलचक, गुलाबी शिवणीचा व्रण. चाळिशी उलटलेला एक दमलेला माणूस तिच्याकडे बघत होता.

"मी तुझा दादा नाही, बाळा," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला.

भिंगरी मटकन खाली बसली. आठ महिन्यांत तिने एकदाही रडून दाखवलं नव्हतं, कारण घरात रडायची जागा आईने व्यापली होती. आता मात्र बांधच फुटला. चारी बाजूंनी माणसं धावली. "कोण आहे ही? कुणी सोडलं हिला आत?"

"थांबा रे!" गरुड गुडघ्यांवर बसला. "तुलाही वाटलं ना, की खरा मी मेलो?"

"एक्केचाळीस पुरावे आहेत," मागून प्रोफेसर अडखळत म्हणाला. "पण... पण तुमच्या गळ्याला..."

"गाठ होती. कापून काढली. आवाज गेला, वजन गेलं. मी म्हातारा होतोय यापेक्षा मी मेलो, हे लोकांना सोपं वाटलं." तो खोकला. "रोज फलक वाचून वाचून कधीकधी मीच आरशाला विचारतो, की बाबा रे, तू कोण?"

टाचणीने खिशातला रुमाल काढला. मग कुणाला द्यावा हे न कळून तिने तो दोघांच्या मधोमध ठेवला.

भिंगरीने डोळे पुसले. आणि तिला समोर दिसली ती गिटार! सहा खुंट्या, सहा वेटोळी. खरीखुरी, हात लावता येण्याजोगी.

"मग ही तुम्ही करता?" तिने विचारलं.

"मी? मला तार बदलता येत असती तर काय हवं होतं! ते आमचा तारवाला करतो. सगळ्या गिटारी तोच सांभाळतो. मुखदुर्बळ आहे, पण हात सोन्याचे!" गरुडाने मान वळवली. "अरे, आत्ता तर इथेच होता..."

रंगमंचाच्या कडेला एक पक्कड अजून डुलत होती. नुकतीच कुणीतरी टाकली होती.

"तो पळाला!" टाचणी ओरडली. "खाली! नळ्यांमध्ये!"

भिंगरीने उडीच मारली! रंगमंचाखाली अंधार, तारांचे गुंतवळे आणि धूळ. गुडघा सोलवटला, वेणी खिळ्यात अडकली, ती तिने हिसडून सोडवली. पार टोकाला, दोन खोक्यांच्या मध्ये, कुणीतरी पाय पोटाशी घेऊन बसलं होतं.

"जा ना भिंगरी," दादा म्हणाला. "प्लीज जा."

"आठ महिने! तू जिवंत आहेस आणि आठ महिने—"

"काय सांगणार होतो घरी? 'दुसऱ्यांची वाद्यं दुरुस्त करत जन्म नाही काढणार, स्टेजवर वाजवीन,' असं बाबांच्या तोंडावर ओरडून निघालो. आणि आता काय करतो? दुसऱ्यांचीच वाद्यं दुरुस्त करतो! स्टेजच्या खाली!"

"म्हणून एक फोनसुद्धा नाही केलास? आई चौक्या, दवाखाने पालथे घालतेय!"

दादाने मान वर केली. "केला होता. दोनदा. दुकानाच्या नंबरावर. बाबांनीच उचलला. मी म्हटलं, 'बाबा, मी बोलतोय.' त्यांनी ठेवून दिला."



बाबांना माहीत होतं? आई फोटो घेऊन उन्हातान्हात फिरत होती, आणि बाबांना माहीत होतं, की तो आहे, कुठेतरी आहे? आणि ते मान खाली घालून घासत बसले?

मागे खुडबुड झाली. जगप्रसिद्ध गरुड धुळीतून चक्क रांगत येत होता! त्याने एक शब्दही न बोलता आपला फोन पुढे केला.

भिंगरीने नंबर दाबला. घंटा वाजली. एक, दोन, तीन...

"हॅलो, वाद्यदुरुस्ती."

"बाबा, मी आहे. दादा माझ्याशेजारी बसलाय." ती घाईने पुढे म्हणाली, "ठेवू नका, बाबा! आज ठेवलात तर मी पण घरी येणार नाही!"

कानस घासण्याचा आवाज थांबला. श्वास ऐकू येत होता. एक क्षण, दोन क्षण. भिंगरीने डोळे गच्च मिटून घेतले.

"कुठे आहात?" बाबांनी विचारलं.

*

मागच्या दाराशी स्कूटर थांबली तेव्हा आई ती पुरती थांबायच्या आत उतरली. बाबांनी तिला चौकीच्या दारातूनच उचलून आणलं होतं. आईने दादाला आधी हातांनी चाचपलं, आंधळ्यासारखं. कपाळ, कान, खांदे. मग तिने त्याच्या शर्टात तोंड खुपसलं, आणि बराच वेळ नुसती तिची पाठ हलत राहिली.

पहारेकरी डोळे पुसत म्हणाला, "साहेब, ही तुमची पोरगी? पंधरा वर्षांच्या नोकरीत मला कुणी असं गंडवलं नव्हतं! नाव काढेल!"

"सात वाजता मला तारवाला परत हवाय," गरुड आईला म्हणाला. "पण उद्या परदेशी यायचं की घरी राहायचं, ते त्याचं त्याने ठरवावं. जागा त्याचीच राहील. आणि मुली, माझ्याकडे बघून मी दुसरा कुणी नाही हे इतक्या पटकन मानणारी तू पहिलीच!"

प्रोफेसर पुढे सरसावला. "सर, मी आजच सगळ्या गरुडवेड्यांना कळवतो, की तुम्ही तुम्हीच आहात!"

"मानतील?"

"नाही," प्रोफेसर प्रामाणिकपणे म्हणाला. "पण मी कळवतो."

बाबांनी भिंगरीच्या डोक्यावर हात ठेवला. "मोठं काम केलंस, पोरी. शाबास."

भिंगरी बाजूला सरली. "मला नको शाबासकी. आईला सांगा, बाबा. फोनचं."

बाबांचा हात हवेतच राहिला. आईने वळून पाहिलं. मग बाबांनी सांगितलं. खाली बघत, तुटक तुटक, पण सगळं. रागाच्या भरात फोन ठेवला तो. पुन्हा ठेवला तो. आणि मग खरं सांगायची भीती रोज कशी वाढत गेली ते.

"किती वेळा आला होता फोन?" आईने विचारलं.

"दोनदा."

"मी सतरा चौक्या फिरले. तीन वेळा मला प्रेतं दाखवली." आईचा आवाज चढला नाही, आणि तेच जास्त भयंकर होतं. तिने बाबांच्या हातातून किल्ली घेतली आणि दादाला मागे बसवलं. तिला स्कूटर येते हेच पोरं विसरली होती! "आम्ही पुढे जातो. भूक लागलीय मला. तुम्ही या चालत."

स्कूटर वळणावर दिसेनाशी झाली. भूक लागलीय! आई भूक लागलीय म्हणाली होती!

रस्त्यावर उरले ते बाबा आणि तिघं पोरं. घर चांगलं तासाभराच्या अंतरावर. चौघं चालू लागली.

"तू फोनवर म्हणालीस ना, घरी येणार नाही म्हणून," बाबा अर्ध्या वाटेत म्हणाले. "खरंच नसतीस आली?"

"नसते आले."

बाबांनी मान हलवली. "तुझ्यात आहे तेवढी हिंमत माझ्यात असती, तर दादा तेव्हाच घरी आला असता."

भिंगरीला अजूनही राग येत होता, चांगलाच. पण बाबांची पावलं फार हळू पडत होती. तिने चाल कमी केली आणि त्यांच्या बरोबरीने चालू लागली.