बिनचाकाची चोरी

पडवीच्या वाशाला नुसता दोर लोंबत होता.

मृणालीच्या हातात ब्रेकच्या तारांची पिशवी होती. ती तशीच हातात धरून ती दोराकडे बघत राहिली. उरणच्या बाजारातून ती, तिची आई कमळ आणि पनवेलहून सुट्टीला आलेला आतेभाऊ प्रज्योत नुकतेच परतले होते. तारा हे शेवटचं सामान. बाकी सगळं, म्हणजे दोन चाकं, चेन, पेडल, हँडल, सीट, पडवीच्या कोपऱ्यात गोणपाटावर मांडून ठेवलेलं होतं. आज दुपारी बाबा उठले की सायकल जोडायची असं ठरलं होतं. आणि ज्याला हे सगळं जोडायचं ती फ्रेमच गायब होती.

"पडली असेल खाली," प्रज्योत म्हणाला आणि उगाच बाकाखाली वाकून आला.

बाबा, म्हणजे दयाराम घरत, दोराच्या बरोबर खाली खाटेवर घोरत होते. रात्रभर बंदरावर ट्रेलर चालवून ते पहाटे आले होते. चोराने त्यांच्या डोक्यावरून फ्रेम उतरवून नेली होती, म्हणजे धाडसीच असला पाहिजे.

प्रज्योतला शाळेत सगळे वकील म्हणत, कारण तो कुठल्याही गोष्टीला दहा प्रश्न विचारायचा. त्याने लगेच पहिला विचारला. "गोणपाटावरची नवी चाकं सोडली. नवी चेन सोडली. भिंतीला मामीची अख्खी सायकल उभी आहे, ती पण सोडली. चाक नाही, हँडल नाही, असला नुसता सांगाडा कोण नेतं?"

"सांगाडा म्हणू नकोस तिला," मृणाली म्हणाली.

ती फ्रेम साधी नव्हती. बाबांचं लग्न व्हायच्या आधीची होती. ट्रेलरचा परवाना मिळण्यापूर्वी बाबा त्याच सायकलवर मिठागरांच्या बांधावरून रोज बंदरावर कामाला जात. खाऱ्या वाऱ्याने चाकं गेली, चेन गेली, ब्रेक गेले. फ्रेम तेवढी टिकली. पुढे धक्के झेलणारं स्प्रिंगचं शॉकअप बसेल अशी जागा आणि मागे सरळ, कडक पोलादी नळ्या, म्हणजे अस्सल हार्डटेल. "तुजा पाय पुरला की तुजी," असं बाबा मृणाली पाच वर्षांची असल्यापासून म्हणत आले होते. गेल्या महिन्यात पाय पुरला. परवा रविवारी गावातल्या मंडळाची बांधावरची सायकल शर्यत होती आणि तिने नावही दिलं होतं. पण खरं सांगायचं तर शर्यत गेली असती तरी तिला चाललं असतं. ती फ्रेम जायला नको होती.

मुलांचं बोलणं ऐकून बाबा उठले, दोर पाहिला आणि त्यांची झोप उडाली.

"माज्या डोक्यावरून? कोनाची एवढी हिंमत झाली?"

तेवढ्यात शेजारचा अल्पेश फाटकाशी आला. त्याच्याकडे दिवाळीत घेतलेली नवी सायकल होती, पुढेही शॉकअप आणि मागेही. डबल शॉकअप हे दोन शब्द तो दिवसातून इतक्या वेळा उच्चारायचा की त्याच्या आजीलाही ते पाठ झाले होते.

"मी बघितलं ना," तो म्हणाला. "सकाळी तो अलिबागचा कॅमेरावाला इथे उभा होता. फ्लेमिंगोंचे फोटो काढायला येतो तो. तुमच्या फ्रेमचे फोटो काढत होता. मला म्हणाला, ही चीज आता मिळत नाही."

"बस, तोच," बाबांनी ठरवूनच टाकलं. "चार मानसं घेतो नि जातो मिठागरावर. बगतोच त्याला."

"आदी तोंड धुवा, भाकरी खा," आई म्हणाली. "रिकाम्या पोटी भांडान नको."

मुलांना तेवढाच वेळ पुरेसा होता. प्रज्योत मृणालीच्या कानाशी लागला. "चोर असता तर फोटो कशाला काढले असते? आणि अल्पेशशी गप्पा मारत थांबला असता? मामा तिथे पोचायच्या आत आपण जाऊ."

मृणालीने आईची सायकल काढली, प्रज्योत मागे कॅरिअरवर बसला आणि अल्पेश आपल्या डबल शॉकअपवर निघाला. मिठागरांचा बांध अरुंद आणि चढउताराचा. दोन्ही बाजूंना खाऱ्या पाण्याचे चौकोन आणि मिठाचे पांढरे ढीग. अल्पेश जोर लावायचा तशी त्याची सायकल वरखाली व्हायची आणि मागून कुईं कुईं आवाज यायचा. डबलसीट असूनही मृणाली त्याच्या पुढे निघून गेली.

"तुझी सायकल रडतेय रे," प्रज्योत मागे वळून ओरडला.

"मागच्या सांध्यातला बुश गंजलाय," अल्पेश धापा टाकत म्हणाला. "दुकानदार म्हणतो, उघडून बदलावा लागेल."

"घेऊन वर्ष पण नाही झालं."

"खारा वारा आहे ना इथे," अल्पेश म्हणाला आणि आणखी जोरात पेडल मारू लागला.

कॅमेरावाला बांधाच्या वळणावर सापडला. डोक्याला टोपी, गुडघ्यापर्यंत चिखल, आणि शेजारी मिठाच्या ढिगाला टेकवलेली सायकल. ती पाहून मृणालीने करकचून ब्रेक लावला. रंग वेगळा होता, ओरखडे वेगळे होते, पण बाकी हुबेहूब बाबांच्या फ्रेमसारखी.

"ही... ही तुमचीच?" तिने विचारलं.

"पंचवीस वर्षं झाली. लाँचमध्ये घालून आणतो रेवसहून," तो हसून म्हणाला. "मी सुजित. आणि तुम्ही त्या पडवीतल्या फ्रेमवाल्या घरचे ना?"

"ती चोरीला गेली," मृणालीने सरळ सांगून टाकलं. "आणि सगळ्यांना वाटतंय तुम्हीच नेली."

सुजितकाका रागावतील असं तिला वाटलं होतं. त्यांचा चेहरा मात्र पडला, घरातलं माणूस हरवल्यासारखा. "अरेरे. आणि मला वाटत होतं, तिच्या मालकाला भेटून नुसत्या गप्पा माराव्यात. चोरली तर नाहीच, पण एक टिचकी मारायचा मोह मात्र झाला होता."

"टिचकी?" प्रज्योतने लगेच विचारलं.

काकांनी आपल्या सायकलच्या वरच्या नळीवर नखाने टिचकी मारली. टण्ण. बारीक, स्वच्छ, देवघरातल्या घंटीसारखा आवाज आला आणि जरा वेळ राहिला. मग त्यांनी आईच्या सायकलवर मारली. ठप. अल्पेशच्या सायकलवर मारली. ठप, आणि मागून हलकीशी कुईं.

"चांगलं पोलाद, पातळ नळी. म्हणून वाजतं," काका म्हणाले. "नव्या सायकली वाईट असतात असं नाही. मोठ्या दगडांवर डबल शॉकअप छानच. पण इथे बांधावर पेडल मारलं की निम्मा जोर स्प्रिंग खाते. हिच्यात मागे हलणारं काही नाहीच. जोर लावला की सरळ चाकाला. आणि मोडलीच, तर कुठलाही दार-खिडक्यांचा वेल्डर जोडून देतो. म्हणून माणसं ही टाकत नाहीत."

अल्पेश आपल्या मागच्या स्प्रिंगकडे वाकून बघत होता.

"काका, सकाळचे फोटो दाखवता?" प्रज्योतने विचारलं.

कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर पडवी दिसली. दोराला टांगलेली फ्रेम दिसली. खाली खाटेवर पालथे झोपलेले बाबाही आले होते. मृणाली फ्रेमकडेच बघत राहिली, पण प्रज्योतचं बोट पडद्याच्या कडेला गेलं.

"हे मोठं करा. इथे, फाटकाबाहेर."

काकांनी फोटो मोठा केला. गल्लीत एक टेम्पो येऊन उभा राहत होता. त्याच्या हौद्यातून एक सायकलचं चाक डोकावत होतं. चाक सोनेरी रंगाचं होतं.

"सोनेरी सायकल कोण चालवतं?" अल्पेशने विचारलं.

"चालवत नाही कुणी," मृणाली हळूच म्हणाली. तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला होता. "फोटो काढतात त्याच्यापाशी. आज आपल्या गावातल्या हेमालीताईची हळद आहे."

आमच्याकडे उरण-पनवेलच्या बाजूला हळद म्हणजे लग्नापेक्षा मोठं काम. अख्खं गाव जेवतं, अख्खं गाव नाचतं, आणि त्यासाठी अख्ख्या गावाच्या घरांतून सामान जातं. टोप, पराती, खाटा, बाकडी, ज्याच्या घरी जे असेल ते उचलायचं. हळदीच्या सामानाला नाही म्हणायचं नसतं, आणि काय नेताय असंही विचारायचं नसतं. म्हणून तर घरोघरी भांड्यांवर नावं कोरलेली असतात, कार्य झालं की नाव वाचून ज्याचं त्याला परत. फ्रेमवर मात्र कुणाचंच नाव नव्हतं.

चौघं सुसाट निघाले. सुजितकाकाही आपल्या हार्डटेलवर बसले, आणि पन्नाशीचे असूनही सगळ्यात आधी मांडवाशी पोचले.

मांडवात गणराज डेकोरेटर घामाघूम होऊन काम करत होता. एका बाजूला लाकडी फळ्यांची खोटी भिंत उभी केली होती, त्यावर खिडकी आणि बोगनवेल रंगवली होती. समोर तीन सोनेरी सायकली, चाकं-हँडल काढून ठेवलेल्या, झेंडूच्या माळांत गुंडाळलेल्या. कुठली कुठली तेच कळेना. मृणालीने पहिलीवर टिचकी मारली. ठप. दुसरीवर मारली. ठप.

तिसरी गणराजच्या पायाखाली आडवी होती आणि त्याने नुकताच लोखंड कापायचा ग्राइंडर सुरू केला होता. मृणालीने धावत जाऊन विजेच्या बोर्डावरचं बटणच बंद केलं. घरघर थांबली. ती वाकली आणि तिने सोनेरी नळीवर टिचकी मारली.

टण्ण.

"आमची आहे ही," ती म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले.

"अगं पोरी, बोटं जातील ना ग्राइंडरमदी," गणराज घाबरून म्हणाला. "भिंतीतून अर्दी सायकल बाहेर येतेय, असा फोटो पॉइंट करायचाय. हेमालीची फर्माईश हाय. मागची बाजू कापतो नि फल्यांना ठोकतो. बाकीच्या दोन पत्र्यावानी हायत, ही मजबूत दिसली म्हनून घेतली."

"मजबूत आहे म्हणून कापता?" प्रज्योत म्हणाला.

"आनि चोरून नाय आनली. दयारामदादाला इचारलं. दोराकडं बोट करून इचारलं, हे नेऊ काय हळदीला? दादा खाटेवर पडल्या पडल्या बोलला, ने रे, काय पायजे ते ने."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. अल्पेशला हसू आवरेना.

पण प्रश्न सुटला नव्हता. गणराज ग्राइंडर हातात घेऊन केविलवाणा उभा होता. "मी पोरीला शब्द दिलाय. संध्याकाळी मानसं येतील. अर्दी सायकल मी आता कुठून आनू?"

हेमालीताईची हळद बिघडावी असं मृणालीलाही वाटत नव्हतं.

प्रज्योत अल्पेशच्या सायकलभोवती फिरत होता. "अल्पेश, हा मागचा भाग पुढच्या भागाला कशाने जोडलाय?"

"एका मोठ्या बोल्टने. तिथेच तर बुश आहे." अल्पेश बोलता बोलता थांबला. मग त्याने सायकलकडे पाहिलं, खोट्या भिंतीकडे पाहिलं आणि मृणालीकडे पाहिलं. "तो काढला की मागचं सगळं सुटं होतं. कापायलाच नको. उद्या परत जोडता येईल."

"देशील?" मृणालीने विचारलं.

"तसाही बुश बदलायला उघडायचाच होता," अल्पेश उगाच रुबाबात म्हणाला. "पण रंग नाही लावायचा हां, गणराजदादा. फुलं किती पण लावा."

सुजितकाकांनी पिशवीतून पाना काढला. बोल्ट कुरकुरत सुटला आणि मागचं चाक, स्प्रिंग सगळं एकदम हातात आलं. पुढचा अर्धा भाग भिंतीला बसवला, हँडलला मोगऱ्याची परडी अडकवली. रंगवलेल्या बोगनवेलीतून सायकल खरोखरच बाहेर येत होती. गणराज कमरेवर हात ठेवून बघत राहिला.

नेमके तेव्हाच बाबा चार माणसं घेऊन आले. मिठागरावर कुणी सापडलं नव्हतं आणि समोर कॅमेरा गळ्यात घातलेले सुजितकाका उभे होते.

"हाच काय तो?"

"मामा, एक मिनिट," प्रज्योत पुढे झाला आणि त्याने वकिली सुरू केली. "सकाळी झोपेत तुम्ही कुणाला 'काय पायजे ते ने' म्हणालात?"

बाबांनी तोंड उघडलं. गणराजकडे पाहिलं, सोनेरी फ्रेमकडे पाहिलं आणि तोंड मिटलं. मागून आलेली आई पदर तोंडाशी धरून हसायला लागली, मग ती चार माणसंही हसू लागली.

"म्हंजे चोर मीच," बाबा शेवटी म्हणाले. त्यांनी सुजितकाकांचा हात धरला. "माफ करा, सायेब. आज इथून जेवल्याशिवाय जायचं नाय. वडे नि मटन हाय."

"एका अटीवर," काका म्हणाले. "ती जोडताना मला बघू द्या."

बाबा हसले. मग त्यांनी मृणालीच्या डोक्यावर हात ठेवला. "आख्खा गाव घेऊन मी भांडायला चाललो होतो. तुमी पोरांनी अक्कल वापरली. माज्यापरीस शानी निघालीस तू."

रात्री हळदीत सगळ्यात जास्त फोटो भिंतीतल्या सायकलीपाशी निघाले आणि बहुतेक फोटोंत अल्पेश होता.

दुसऱ्या दिवशी बाबा फ्रेम खांद्यावर टाकून, मृणालीला घेऊन उरणच्या भांड्यांच्या दुकानात गेले. मृणालीला वाटलं, रंग काढायला औषध आणायचं असेल. तिने तर ठरवलं होतं, सोनेरीच राहू द्यायची. दुकानदाराने नावं कोरायचं मशीन हातात घेतलं आणि चष्म्यातून वर पाहिलं.

"नेहमीचंच ना? दयाराम घरत?"

त्यांच्या घरातल्या सगळ्या टोप-परातींवर हेच नाव होतं.

"नाय," बाबा म्हणाले. "लिवा, मृणाली दयाराम घरत."

मशीन टरटरत चाललं. सोनेरी रंगाखालून पोलाद चमकत एकेक अक्षर उमटत गेलं आणि मृणालीने ते पुन्हा पुन्हा बोटाने चाचपून पाहिलं. दुपारी पडवीत सुजितकाकांच्या देखत सायकल जोडली. रविवारी ती शर्यतीत तिसरी आली. बांधावर मागून येणाऱ्यांना ती उन्हात लांबूनही ओळखू येत होती.

पुढच्या आठवड्यात गणराज पुन्हा पडवीत आला. कुठल्या तरी साखरपुड्याला बाकडं हवं होतं. बाबा रात्रपाळी करून खाटेवर पालथे पडले होते.

"दादा, नेऊ काय?"

"ने रे, काय पायजे ते ने," बाबा डोळे न उघडता म्हणाले. मग कूस बदलून पुढे म्हणाले, "पन आदी नाव वाच."